हरीशेठचा फोन

माझ्या परीक्षणातला एक शब्द बदलायला लावेल असा माणूस अजून जन्माला यायचाय!

हे मी एकटाच म्हणतो असं नाही. म्हणजे, सर्वांत जास्त वेळा मीच म्हणतो. पण इतरही अधूनमधून म्हणतात. गेली सोळा वर्षं मी एका दैनिकात सिनेमाची परीक्षणं लिहितोय. दर शुक्रवारी, पान सहा, वरचा उजवा कोपरा. पाचपैकी दीड तारा ही माझी सरासरी. त्यामुळे कचेरीत मला 'दीडतारे' म्हणतात, आणि नवीन लागलेल्या लोकांना ते माझं आडनावच वाटतं. एकदा चुकून मी एका सिनेमाला तीन तारे दिले, तर छपाईखात्यातून विचारणा आली, "साहेब, तब्येत बरी आहे ना?"

निर्माते येऊन गेले, दिग्दर्शक येऊन गेले, एका नायिकेचे काका तर माझ्या टेबलासमोर बसून रडले. मी त्यांना रुमाल दिला, अर्धा तारा दिला नाही! सख्ख्या मेव्हण्याच्या मित्राचा सिनेमा मी असा सोलला, की मेव्हणा सहा महिने आमच्याकडे फक्त बहिणीशी बोलायला येत होता. तोही मी घरी नसताना.

तर अशा या निर्भीड माणसाच्या आयुष्यात तो गुरुवार उगवला.

सकाळी साडेनऊला पत्रकारांसाठी खास खेळ होता. अशा खेळाला पॉपकॉर्न फुकट असतात. फुकटच्या पॉपकॉर्नने माझं मत तसूभरही बदलत नाही, म्हणून मी ते निःसंकोच खातो. दोन पुडे. सिनेमा कोर्टाचा होता. सगळे साक्षीदार खोटं बोलत होते, आणि दिग्दर्शकाने त्यांना खोटं बोलायला फारच वेळ दिला होता. शेवटी न्यायाधीशाने हातोडा उचलला, टेबलावर आपटला, "ठक्!" आणि त्याच क्षणी माझ्या तोंडात "कट्ट!"

न फुटलेला मक्याचा दाणा! खालची डावी दाढ. कानापासून करंगळीपर्यंत वीज चमकून गेली. पडद्यावर आरोपीला फाशी झाली, तो शांत उभा होता. इकडे मीच किंचाळलो. मागच्या रांगेतल्या एका बातमीदाराने लिहून घेतलं म्हणे: 'निकालाच्या प्रसंगी प्रेक्षक हेलावतात.'

गाल धरून कचेरी गाठली आणि परीक्षण लिहायला बसलो. आता दाढ ठणकत असताना माणूस जगाकडे ज्या नजरेने बघतो, त्या नजरेने मी लिहिलं. एरवीही माझी नजर फारशी वेगळी नसते, पण त्या दिवशी धार विशेष होती. न्यायाधीशावर तर मी एक अख्खा परिच्छेद खर्ची घातला:

'न्यायाधीशाच्या खुर्चीत एक गृहस्थ बसवले आहेत. दोघांत खुर्चीचा अभिनय सरस आहे. फाशीची शिक्षा ते अशा सुरात सुनावतात, जणू चोवीस तास गरम काही खाऊ नका असं सांगत आहेत.'

वाचून मीच खूश झालो. हसायला गेलो आणि दाढेने गप्प बसवलं.

मजकूर आमच्या उपसंपादिकेच्या हवाली केला. ही मुलगी हुशार, पण तिला विरामचिन्हांचा सोस. साध्या पत्त्यातही चार ठिकाणी स्वल्पविराम देते, म्हणून आम्ही तिला 'स्वल्पविराम' म्हणतो. तिने वाचलं आणि म्हणाली, "सर, हा न्यायाधीश बिचारा, उद्या, आत्महत्या करेल हो!" बोलतानाही देते!

"करू दे," मी म्हटलं. "शब्द बदलायचा नाही."

"तुमचा शब्द? मेले तरी नाही बदलणार!"

हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही.

घरून बायकोचा फोन आला. तिने मैत्रिणीला विचारून दातांचा डॉक्टर शोधला होता, साडेचारची वेळही घेतली होती. "हात इतका हलका आहे म्हणे, की दात निघाल्याचं दातालासुद्धा कळत नाही!"

साडेचारला आम्ही दोघं दवाखान्यात. डॉक्टर उंच, शांत, तोंडाला मास्क. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, पायाने काहीतरी दाबलं आणि मी क्षणात आडवा. दाढ बघून ते म्हणाले, "आतपर्यंत गेलीय. रूट कॅनाल करावं लागेल. आज उघडतो, आतलं साफ करतो, वर तात्पुरतं बुजवतो. उरलेलं शनिवारी."

एक इंजेक्शन हिरडीत, एक जबड्याच्या कोपऱ्यात. मग बधीर व्हायची वाट बघत ते स्टुलावर टेकले आणि गप्पा मारू लागले.

"बाईसाहेब फोनवर म्हणाल्या, तुम्ही सिनेमाची परीक्षणं लिहिता. योगायोग बघा हं! उद्या आमचाच सिनेमा येतोय!"

आणि त्यांनी मास्क खाली केला.

वाचकहो, तो न्यायाधीश होता! तोच चेहरा, त्याच भुवया, आणि हातात हातोड्याच्या जागी ड्रिल!

मी उठून पळालो असतो, पण खुर्ची त्यांच्या पायात होती आणि जीभ इंजेक्शनच्या ताब्यात. कोपऱ्यात बसलेल्या बायकोला काय ठाऊक? ती उत्साहाने म्हणाली, "अय्या, हो का? कुठली भूमिका?"

"न्यायाधीशाची. छोटीच आहे, पण निकाल माझ्या तोंडी आहे." डॉक्टर लाजले. "पंचवीस वर्षं हौशी नाटकं करतोय मी. आतापर्यंत काय, कधी पत्र आणून देणारा, कधी प्रेत. बोलायचं काम हे पहिलंच. आईला डोळ्यांनी कमी दिसतं, पण तिने उद्याचा तुमचा पेपर मागवून ठेवलाय. शेजारणीकडून वाचून घेणार आहे. तुम्ही पाहिलात का सिनेमा? कसं वाटलं माझं काम? अगदी मोकळेपणाने सांगा हं! आ करा, मोठा."

मी आ केला. त्यांनी माझ्या तोंडात एक नळी, दोन कापसाचे बोळे, एक आरसा आणि ड्रिल घातलं, आणि उत्तराची वाट बघू लागले.

"आआ," मी म्हटलं.

"आवडलं ना?" ते खुलले. "मलाही आतून वाटत होतंच!"

पाऊण तास माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. परीक्षण उद्या सकाळी छापून येणार. माझी दाढ आज उघडी पडली, ती परवा, म्हणजे परीक्षणानंतर, याच माणसाच्या हाती पुन्हा जाणार! तत्त्व मोठं की दाढ? हा प्रश्न थोरामोठ्यांना पडलेला नाही, कारण त्यांच्यावर अशी वेळ आलेली नाही. माझ्यापुरतं उत्तर पाच मिनिटांत निघालं. शेवटी ते म्हणाले, "झालं. चोवीस तास गरम काही खाऊ नका." तोच सूर! तंतोतंत! एवढा अचूक समीक्षक मी आयुष्यात कधी झालो नव्हतो, आणि एवढं वाईटही मला कधी वाटलं नव्हतं.

बाहेर आलो तेव्हा पावणेसहा. सहाला पान छपाईला सुटतं. कचेरी शहराच्या दुसऱ्या टोकाला. मी बायकोला खुणेनेच गप्प करून जिन्यातच कचेरीला फोन लावला. पलीकडे स्वल्पविराम.

मला म्हणायचं होतं, "न्यायाधीशाचा परिच्छेद काढून टाक." पण अर्धी जीभ आणि अख्खा ओठ रजेवर! बाहेर पडलं ते असं:

"ल्हायाईहाचा हरिच्छेह काहुल हाक!"

"कोण? कोण पाहिजे?"

"हरिच्छेह! हरिच्छेह!"

"हरीशेठ? इथे कुणी हरीशेठ नाहीत हो."

"अगं, ही... ही... लिहहारे!" मी दीडतारे असल्याचं सांगून पाहिलं.

"हे बघा, तुम्ही जे कोणी असाल ते, हरीशेठ, हा फोन आमच्या सरांचा आहे. तुमच्याकडे कसा आला?"

मी स्वतःच्या गालावर हात मारला. बधीर बाजूला लागला, त्यामुळे समाधानही मिळालं नाही. फोन ठेवला आणि मेसेज टाइप केला: 'न्यायाधीशावरचा परिच्छेद गाळ. त्यांचं काम उत्तम आहे असं लिही. अडीच तारे दे.'

उत्तर लगेच आलं: 'आमचे सर, जन्मात, असं लिहिणार नाहीत. फोन चोरून, वर धमक्या? मी संपादकांकडे जाते आहे!'

सोळा वर्षं खपून, एकेक तारा वाचवून कमावलेली माझी अब्रू, आणि ती अशी माझ्याच पायात आडवी आली!

मिनिटभरात संपादकांचा फोन. आमचे संपादक म्हणजे तोफ. त्यांना दिवसातून एकदा तरी लढाई लागते, आणि त्या दिवशी अजून मिळाली नव्हती.

"कोण बोलतंय?" ते गरजले.

"ही... लिहहारे..."

"हरीशेठ, आवाज बदलून बोलू नकोस! आमचा माणूस कुठेय?"

मी घाबरून फोन बायकोच्या हातात दिला. तिला एव्हाना एवढंच कळलं होतं, की डॉक्टरांबद्दल काहीतरी वाईट छापून येतंय आणि माझी दाढ धोक्यात आहे. ती पदर खोचून, म्हणजे ओढणी खोचून, मैदानात उतरली.

"हे बघा, मी त्यांची बायको बोलतेय. त्या न्यायाधीशाबद्दल एक अक्षर वाईट छापू नका. नाहीतर परिणाम आम्हाला भोगावे लागतील!"

"बाई, धमकी द्यायची तर नीट द्या! परिणाम तुम्हाला भोगावे लागतील म्हणतात, आम्हाला नव्हे!" संपादकांनी भाषाही सुधारून दिली. "आणि त्या हरीशेठला सांगा, हा पेपर विकला जात नाही!"

हे त्यांनी इतक्या जोरात सांगितलं, की जिन्यातून चढणारा एक पेशंट परत खाली गेला.

आठ वाजता ओठाला मुंग्या आल्या, जीभ कामावर रुजू झाली. मी धावत संपादकांना फोन केला. "अहो साहेब, मी बोलतोय, मीच!"

"अरे! सुखरूप आहेस ना? फोन मिळाला परत?"

हाच तो क्षण होता. 'साहेब, तो मीच होतो' एवढे चार शब्द. तेवढ्यात ते म्हणाले, "पान गेलं! तुझं परीक्षण मी सहाव्या पानावरून उचलून पहिल्यावर घेतलंय! सोळा वर्षांत तुझ्यासारखा ताठ कण्याचा माणूस पाहिला नाही रे. डोळे भरून आले माझे!"

"मिळाला," मी म्हटलं. "फोन... मिळाला."

शुक्रवारी सकाळी पेपर दारात पडला. पहिलं पान, चार स्तंभ: 'न्यायाधीशापेक्षा खुर्ची सरस!' खाली डॉक्टरांचा फोटो, हातात हातोडा. त्याच्या शेजारी काळ्या चौकटीत: 'आमच्या समीक्षकावर दडपण! फोन चोरून हरीशेठ नामक गुंडाची धमकी. सोबत एक अज्ञात महिला. तिची भाषाही अशुद्ध.'

बायकोने ती चौकट दोनदा वाचली.

"अज्ञात महिला," ती म्हणाली.

"अगं, नाव नाही ना छापलं..."

"भाषाही अशुद्ध!" तिने पेपर टेबलावर ठेवला. अगदी हळू ठेवला. वीस वर्षांच्या संसारात मला कळलंय, की आपटला तर घाबरायचं नसतं. हळू ठेवला तर घाबरायचं.

दुपारपर्यंत गावभर हरीशेठ! वाचकांचे ई-मेल आले. एका निवृत्त शिक्षकांनी लिहिलं, की हरीशेठला आपण ओळखतो, तो लहानपणापासूनच तसा होता. एका सिनेमागृहाच्या व्यवस्थापकाने दाराशी दोन रखवालदार वाढवले. सिनेमाच्या निर्मात्याने खुलासा पाठवला, की हरीशेठशी आपला काहीही संबंध नाही. आणि संपादकांनी तो 'निर्माता हरीशेठला घाबरला' अशा मथळ्याखाली छापायला घेतला. मी दुसऱ्या डॉक्टरचा शोध घेतला. दोघांना फोन केला. दोघांनीही सांगितलं, दुसऱ्याने उघडलेल्या दाढेत आम्ही हात घालत नाही. एकजण तर म्हणाला, "त्यांच्याकडेच जा ना! आज पेपरात फोटो आहे त्यांचा!"

शुक्रवारी संध्याकाळी दाढेने पुन्हा डोकं वर काढलं. शनिवारी बायको म्हणाली, "चला."

"मी नाही येत."

"चला म्हणते ना! आणि मी पण आत येणार आहे. मला बोलायचंय."

खुर्चीत आडवा झालो तेव्हा माझे दोन्ही हात खुर्चीचे दांडे घट्ट धरून होते. डॉक्टर मास्क लावून आले. सुई भरली. एकदा टोचली, दुसऱ्यांदा टोचली. मी डोळे मिटून वाट बघत होतो. पाच मिनिटं गेली. मग माझ्या तोंडात नळ्या नि बोळे घालून ते खालच्या आवाजात म्हणाले:

"मला तुमची माफी मागायचीय."

मी डोळे उघडले.

"तुमच्यासारख्या माणसाला आमच्या सिनेमापायी धमकी यावी, याची लाज वाटते मला. काल मी निर्मात्याला धरून विचारलं, हा हरीशेठ कोण? तो पोराबाळांची शपथ घेऊन म्हणाला, मला माहीत नाही. बिचारा घराबाहेर पडत नाहीये. पण कुणीतरी माझ्यासाठी हे केलं, हे खरं. माझी आई म्हणाली, लपून फोन करणारा हा भेकड मेला आहे तरी कोण?"

आता मात्र मला राहवेना. दगडालाही पाझर फुटतो. मी तर फक्त समीक्षक. कबूल करायचं ठरवलं. सगळं बळ एकवटून बोललो, "ओ ई ओओ! ई! ई!"

"दुखतंय?"

"आई! ओ ईअ ओओ!"

"आई गं म्हणतायत. अजून जागं आहे वाटतं," असं म्हणून त्यांनी तिसरं इंजेक्शन दिलं.

तेव्हा कोपऱ्यातून बायको उठली. "डॉक्टर, ते म्हणतायत, तो मीच होतो."

"कोण?"

"हरीशेठ. हरीशेठ बिरीशेठ कुणी नाही. तुमच्या इंजेक्शनने यांना परिच्छेद म्हणता येईना. ते वाक्य काढा म्हणून यांनीच फोन केला होता. आणि ती अज्ञात महिला मी! माझी भाषा अशुद्ध नाही, मी फक्त घाईत होते!"

डॉक्टरांचा हात थांबला. लाळ ओढणाऱ्या नळीचा आवाज म्हणजे कुणी माझ्यावर हसतंय असं वाटू लागलं. डॉक्टरांनी मास्क खाली केला. चेहऱ्यावर राग नव्हता. त्याहून वाईट, आशा होती.

"म्हणजे तुम्हाला ते छापायचं नव्हतं?" ते वाकून म्हणाले. "म्हणजे... माझं काम तुम्हाला आवडलं होतं?"

दाढ उघडी. सुई वर. समोर पंचवीस वर्षं प्रेताचं काम केलेला माणूस. आणि मी, ज्याने नायिकेच्या काकांना फक्त रुमाल दिला होता!

मी मान हलवली. वरून खाली. चांगली तीनदा.

"मान हलवू नका," डॉक्टर म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले. थोड्या वेळाने मास्कच्या आतून हसू ऐकू आलं. "अहो, कशाला खोटं बोलता? काल पहिल्याच खेळाला आईला घेऊन गेलो होतो मी. खुर्चीच बरी आहे हो! निकाल वाचताना मी स्वतःच दचकलो. आई तर म्हणाली, अरे, हा तर तुझा पेशंटशी बोलायचा आवाज! तुम्ही लिहिलंत त्यात काय चुकलं? उगाच घाबरलात. आणि पेपराचं म्हणाल, तर आईने पहिल्या पानावरचा फोटो कापून नातेवाइकांना दाखवायला ठेवलाय. शेजारीण फार समंजस, तिने मजकूर वाचताना खुर्ची गाळली."

त्यांनी दाढ इतकी सुरेख बुजवली, की कळलंसुद्धा नाही. बायकोला ते दारापर्यंत पोचवायला आले, तिच्या शुद्ध भाषेचं कौतुक केलं, आणि मला म्हणाले, "हरीशेठचं कुणाला सांगणार नाही, काळजी नको. पेशंटच्या तोंडातलं आम्ही बाहेर जाऊ देत नाही."

परतताना बायकोने आधी रिक्षा थांबवली, पत्ता सांगितला. मग म्हणाली, "तीनदा काय हलवायची मान? एकदा पुरली असती."

सोमवारी कचेरीत गेलो तर टेबलावर एका महाविद्यालयाचं पत्र. 'दडपणापुढे न झुकता' या विषयावर माझं व्याख्यान हवंय. दोन हजार विद्यार्थी, संपादक अध्यक्षस्थानी, पहिली रांग स्वल्पविरामने राखून ठेवलेली.

मी उलट टपाली कळवलंय, की यायची फार इच्छा आहे, परंतु दाताचं काम चालू असल्यामुळे सध्या तोंड उघडता येत नाही.